लिनक्सवर आयरॅफ आणि डीएस९: इन्स्टॉल एका ओळीत, डोकेदुखी तीन खिडक्यांत

आयरॅफ, म्हणजे दुर्बिणीतून घेतलेल्या इमेजवर काम करायचं सॉफ्टवेअर, जुनं आहे हे सगळ्यांना माहितीये, अमेरिकेत टुसॉनच्या नोआओ या राष्ट्रीय वेधशाळेत १९८० च्या दशकात बनलं, त्यांनी सपोर्ट सोडून बरीच वर्षं झाली आणि आता कम्युनिटीच सांभाळते, पण एमएससीच्या प्रोजेक्टला गाइडनी सीसीडी डेटा (दुर्बिणीच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या इमेज) हातात ठेवला की अजूनही गाडी तिथेच येते. म्हणून लिहितोय. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत.

आधी एक काम करा, नेटवरच्या जुन्या गाइड बंद करा. त्यात ३२ बिट लायब्ररी टाका, सी-शेल टाका, टारबॉल सोडवा, सिमलिंक करा असं दोन पानं असतं. मी तेच करत एक अख्खा रविवार घालवला आणि शेवटी सगळं उडवलं. नव्या उबुंटू-डेबियनमध्ये पॅकेजेस तयार आहेत: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे आयरॅफ, आयरॅफ-नोआओ, एक्सजीटर्म (ग्राफ काढू शकणारं टर्मिनल) आणि एसएओडीएस९ (हेच डीएस९, इमेज दाखवणारा प्रोग्रॅम). नोआओवालं विसरू नका, बायस-फ्लॅटचं (कॅमेऱ्याचे दोष काढायचं) सीसीडीरेड आणि फोटोमेट्रीचं (ताऱ्यांची तेजस्विता मोजायचं) ॲपफॉट त्यातच येतं.

इन्स्टॉल झालं. आता खरी गंमत.

कामाचा एक फोल्डर करा, नावात स्पेस नको, आणि त्यात जाऊन एमकेआयरॅफ चालवा. टर्मिनल टाइप विचारलं तर एक्सजीटर्म सांगा. तिथे लॉगिन.सीएल नावाची फाइल आणि यूपार्म नावाचा फोल्डर तयार होतो. यूपार्ममध्ये तुम्ही बदललेले पॅरामीटर साठतात. इथून पुढे आयरॅफ याच फोल्डरमधून सुरू करायचं, नाहीतर काल केलेली सेटिंग आज कुठे गेली म्हणून शोधत बसाल.

लॉगिन.सीएल एडिटरमध्ये उघडा. त्यात सेट एसटीडीइमेज अशी ओळ दिसेल, पुढे आयएमटी८०० आणि ओळीच्या सुरुवातीला हॅश. तो हॅश काढा आणि ८०० च्या जागी २०४८ करा. हे नाही केलं तर मोठी इमेज कापली जाऊन नुसता मधला तुकडा दिसतो आणि माणसाला वाटतं फाइलच खराब आहे. गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीवरच्या आयफॉस्क या उपकरणाची फ्रेम २०४८ बाय २०४८ ची, तिला हे बरोबर बसतं, तुमचा कॅमेरा मोठा असेल तर ४०९६ ठेवा. तसंच आयएमटाइपची ओळ बघा, तिथे फिट्स हवं, आयएमएच असेल तर प्रत्येक इमेजच्या दोन-दोन फाइल बनत राहतील.

आता क्रम. आधी डीएस९ सुरू करा (कमांडच्या शेवटी अँड चिन्ह, म्हणजे टर्मिनल मोकळा राहतो), मग एक्सजीटर्मची खिडकी उघडा आणि त्या खिडकीत आयरॅफसीएल (आयरॅफ सुरू करायची कमांड). साध्या टर्मिनलमध्येही आयरॅफ चालू होतं, म्हणूनच लोक फसतात, सगळं छान चाललेलं असतं आणि पहिला ग्राफ काढला की स्क्रीनभर कचरा अक्षरं सांडतात.

टेस्टसाठी स्वतःचा डेटा घेऊ नका. आयरॅफबरोबर एम५१ दीर्घिकेची ५१२ बाय ५१२ ची एक इमेज येते, नाव देव-डॉलर-पिक्स (डॉलर म्हणजे $ हे चिन्ह), मध्ये स्पेस किंवा डॅश नाही. आयएमस्टॅट देव-डॉलर-पिक्स करा: २६२१४४ पिक्सेल, सरासरी १०८.३, स्टँडर्ड डेव्हिएशन १३१.३, किमान उणे १, कमाल १९९३६. हेच आकडे आले म्हणजे आयरॅफ नीट बसलंय. मग डिस्प्ले देव-डॉलर-पिक्स १ करा, डीएस९ मध्ये सर्पिल उमटलं पाहिजे.

नाही उमटलं, तर दोघांचं बोलणं होत नाहीये. आयरॅफमधून लॉगआउट करा, शेलमध्ये एक्सपोर्ट लिहून आयएमटीडीईव्ही हे व्हेरिएबल (हे मात्र कॅपिटलमध्ये) आयनेट:५१३७ असं सेट करा आणि पुन्हा सुरू करा. ५१३७ हा डीएस९ चा आयरॅफसाठीचा पोर्ट. माझ्याकडे दुसऱ्याच कुणाचं जुनं डीएस९ मागे चालू राहिलं होतं आणि इमेज बिचारी तिकडे जात होती, तेव्हा तेही बघून घ्या.

मग आयएमएक्झामाइन, इमेज जवळून तपासायची कमांड. कमांड दिल्यावर कर्सर डीएस९ मध्ये लुकलुकतो, माउस एखाद्या ताऱ्यावर न्या आणि तिथेच आर दाबा, टर्मिनलवर क्लिक करून नाही. ताऱ्याचा रेडियल प्रोफाइल (मध्यापासून बाहेर प्रकाश कसा बदलतो त्याचा ग्राफ) वेगळ्या खिडकीत येतो, ए दाबलं तर आकडे टर्मिनलमध्ये, एस दाबलं तर डोंगरासारखा सरफेस प्लॉट. बाहेर पडायला क्यू, तोही डीएस९ च्याच खिडकीत. त्रिज्या वगैरे बदलायची असेल तर ईपार आरआयएमएक्झाम, आणि पॅरामीटरचा पार विचका झाला तर अनलर्न लिहून पुढे टास्कचं नाव, सगळं मूळपदावर.

काही अडकलं, कारण कळत नाही, तर एफएलपीआर टाइप करा. मागे चालू राहिलेल्या प्रोसेस त्याने साफ होतात. जुने लोक तो तीनदा मारतात, एकदाने भागत असावं, पण मीही तीनदाच मारतो.