फोन रीस्टार्ट केला की फाइल उघडेना

मी बनवत असलेल्या हिशोबाच्या ॲपमध्ये एकदा फाइल निवडली की पुढच्या वेळी तीच आपोआप उघडावी, एवढंच मला हवं होतं. विंडोजवर फाइल निवडायच्या डायलॉगमधून मिळालेला पाथ (फाइलचा पत्ता) साठवला आणि काम झालं. अँड्रॉइडवर मात्र फोन बंद करून चालू केला की 'परवानगी नाही'.

दोन संध्याकाळी मी स्टोरेज परमिशनच्या मागे घालवल्या. तिची इथे गरजच नव्हती! पिकर, म्हणजे अँड्रॉइडची फाइल निवडायची स्क्रीन, पाथ देत नाही, 'कंटेंट' ने सुरू होणारा यूआरआय (फाइलकडे नेणारा दुवा) देतो, आणि त्यावरची परवानगी फोन रीस्टार्ट होईपर्यंतच टिकते. पिकर उघडायला मी 'गेट कंटेंट' ही विनंती वापरत होतो; त्यात ती कायम करताच येत नाही. म्हणून तिच्याऐवजी 'ओपन डॉक्युमेंट' घेतलं (अँड्रॉइड 4.4 पासून आहे), फाइल हाती येताच परवानगी कायम करणारं 'टेक पर्सिस्टेबल यूआरआय परमिशन' हे फंक्शन बोलावलं आणि तो यूआरआय जसाच्या तसा साठवला.

फाइल हलवली किंवा डिलीट केली तर ही परवानगीही उपयोगाची नाही. त्यामुळे एरर पकडून पिकर पुन्हा दाखवा, वापरणाऱ्याला कोऱ्या स्क्रीनसमोर सोडू नका. मॅकवर सँडबॉक्समध्ये (जिथे ॲपला बाकीच्या फाइल्सपासून वेगळं ठेवतात) याच कामासाठी सिक्युरिटी स्कोप्ड बुकमार्क, म्हणजे परवानगीसकट साठवलेली फाइलची खूण, लागतो. तो मी आता जोडतोय.