इलेक्ट्रिक पंप बसवला, तरी पद्मिनी घाटात बंद पडते

माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, १९८४ ची, वडिलांच्या हातची. दर मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला ती हमखास दगा द्यायची. सोलापूरचा पारा ४३ ला गेला की टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनाला चिकटलेला जुना पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि मी बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून उभा. फियाटवाल्यांना हे फडकं नवीन नाही. शेवटी कंटाळून १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला. त्याच दिवशी पेट्रोलच्या टाकीला कुलूपवालं नवं झाकणही घेतलं, कारण गल्लीत पेट्रोल चोरीला जायला लागलं होतं. हे झाकण लक्षात ठेवा.

पुढच्या मंगळवारी घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडीपर्यंत गाडी झकास. घाटाला लागलो, दुसरा गिअर टाकला, आणि गाडी झटके खायला लागली. पिकअप गेला, मग इंजिनच गेलं. पंपाची टकटक मात्र चालूच. टाकीत पेट्रोल आहे ना, म्हणून झाकण उघडून काठी घालून बघितली. होतं. पाच मिनिटांनी गाडी चालू झाली, तीन किलोमीटरवर पुन्हा बंद. मी पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा चालू. कारण माझ्या हातातच होतं, पण डोक्यात शिरायला पंधरा दिवस गेले.

ते पंधरा दिवस तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

आधी खात्री करा की रोग पेट्रोलचाच आहे. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल गरम झाली तर तीही अशीच गाडी बंद पाडते. फरक असा, की करंट गेला तर इंजिन बहुतेक वेळा बटण दाबल्यासारखं पटकन बंद होतं; पेट्रोल कमी पडलं तर आधी ओढ कमी होते, झटके येतात, मग मरतं. तरी अंदाजावर राहू नका. गाडी बंद पडली की इग्निशन बंद करा, एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या (जिथे पेट्रोल हवेत मिसळतं) घशात बघत हाताने अॅक्सिलरेटरचा दांडा दाबा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, कॉइल-कंडेन्सरकडे वळा. कोरडं असेल तर हे पुढचं वाचा. ही पिचकारी गाडी ठणठणीत असताना एकदा बघून ठेवा, नाहीतर तुमच्या कार्ब्युरेटरची पिचकारीच मेलेली असायची आणि तुम्ही उगाच पंपाला दोष द्याल. आणि तोंड लांब ठेवून बघा, बॅकफायर झाला तर भुवया जातात.

आता मापाची चाचणी. आमच्या घरात दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं स्टीलचं माप होतं. ते आता गॅरेजचं झालंय, त्यावर घरात जे काही बोलणं व्हायचं ते होऊन गेलंय. गाडी उघड्यावर, इंजिन थंड, आसपास बिडी-काडी नाही. कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडून मापात धरा आणि दुसऱ्याला फक्त इग्निशन चालू करायला सांगा. तुमचा पंप इंजिन फिरल्यावरच चालणारा असेल तर त्याला फ्यूज लावून बॅटरीवरून थेट करंट द्या, पण जोड बॅटरीच्या टोकाशी करा, मापाजवळ ठिणगी नको. किती यायला पाहिजे? हिशोब सोपा आहे. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि तुम्ही ६० ने चाललाय, म्हणजे तासाला ५ लिटर, मिनिटाला साधारण ८५ मिलिलिटर. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तिप्पट धरा, २५० च्या आसपास. म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर येत असेल तर पंप पुरून उरतो.

इथे दोन चुका सगळे करतात, मीही केल्या. एक, दहा सेकंद धार बघून समाधान मानतात. दोन, टाकीचं झाकण उघडं ठेवतात. झाकण घट्ट लावून, माप रिकामं करत करत निदान तीन-चार मिनिटं चाचणी चालवा. पहिल्या मिनिटाला जोरदार धार आणि मग ती बारीक होत गेली, तर पंप मागून उपाशी राहतोय. सुरुवातीपासूनच धार बारीक असेल तर पंप, करंट किंवा फिल्टर.

मी पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो, सत्तावीस वर्षं. मागावर धागे एकसारखे तुटायला लागले की नवखा माणूस पुढे कापडाकडे बघतो, जुना मागे जाऊन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेला रूळ बघतो. इथेही तसंच. पंपाच्या आत येणारा पाइप काढून पेट्रोलच्या वेगळ्या डब्यात सोडा आणि पुन्हा मापा. धार दणदणीत आली तर पंप निर्दोष, भानगड पंप आणि टाकीच्या मध्ये. नाही आली तर पंपापासून पुढे शोधा. या एका चाचणीने अर्धी गाडी बाजूला होते.

माझ्या मिस्त्रीने पंप बोनेटखाली बसवला होता, कारण वायर तिथे जवळ होती. "मालक, पंप तर चालायलाय की," एवढंच त्याचं म्हणणं. पण हे पंप ढकलण्यात वाघ आणि ओढण्यात मांजर असतात. पेट्रोल पुढून ओढलं की मागच्या लांब नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. म्हणजे ज्या वाफेसाठी पंप बसवला तीच वाफ आपण तयार करतोय. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याहून खाली बसवा. सायलेन्सरपासून लांब, पंपावरचा बाण पुढच्या दिशेला. मग पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि वाफ सहसा धरत नाही. पंपाच्या आधी जाडसर जाळीचा पारदर्शक फिल्टर, बारीक कागदी फिल्टर पंपाच्या पुढे. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नका, तो बऱ्याचदा तसाच दिसतो. सतत बुडबुडे येत असतील तर मात्र ओढीच्या बाजूची एखादी क्लिप हवा घेतेय. तिथे पेट्रोल गळताना दिसेलच असं नाही, कारण पंप चालू असताना तिथून बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

रबरी पाइप जुने असतील तर विचार न करता फेका. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्याने जुनं रबर आतून फुगतं, सोलपटतं. बाहेरून पाइप छान दिसतो आणि आतल्या आत चिमटतो. एसएई जे३० आर९ असा शिक्का असलेला पाइप मागा. इथेनॉलने टाकीतला जुना गंज आणि चिकटाही सुटतो, म्हणून पहिले दोन-तीन फिल्टर लवकर तुंबतील.

पंप मागे नेला. घाटात गाडी पुन्हा बंद.

मग करंट बघितला. मल्टीमीटरची एक काडी पंपाच्या प्लसला, दुसरी पंपाच्याच अर्थिंगच्या टोकाला, आणि पंप चालू असताना. वायर काढून मोजलं तर १२ दिसणारच, त्याला अर्थ नाही. माझ्याकडे बॅटरीवर १२.६ आणि पंपावर १०.१. मिस्त्रीने कॉइलची बारीक वायर मागपर्यंत ओढली होती आणि अर्थिंग रंगावरच कसलं होतं. रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) टाकला, बॅटरीतून फ्यूज लावून अडीच एमएमची वायर मागे नेली, पत्रा घासून चकचकीत करून अर्थिंग दिलं. पंपावर १२.२ आले. अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. वायर मागे नेताच आहात तर इंजिन बंद पडल्यावर पंपही बंद करणारा ऑइल प्रेशरचा स्विच किंवा अपघाताच्या धक्क्याने करंट तोडणारा स्विच घाला. अपघातात पाइप तुटला आणि पंप पेट्रोल ओततच राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

मापात धार आता चांगली होती. पण झाकण लावून तिसऱ्या मिनिटाला ती पुन्हा बारीक. झाकणाचं कुलूप फिरवलं आणि फुस्स असा आवाज आला. मापात धार परत जाड.

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला लागते. माझ्या गाडीत त्यासाठी टाकीला एक बारीक नळी आहे. ती खाली वाकून बघितली, तर तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर, बोटाच्या पेराएवढं, पक्कं वाळलेलं. सायकलच्या स्पोकने कोरलं तेव्हा आत अजून दोन खण निघाले. किती वर्षांचं होतं कुणास ठाऊक. जुनं झाकण ढिलं होतं, त्यातूनच टाकी श्वास घ्यायची. नव्या झाकणाचा वायसर घट्ट, झाली टाकी बंद. पंपाचा यात काही दोष नव्हता. तो त्याच दिवशी बसला एवढंच. म्हणून पंपाच्या दिवशी गाडीत अजून काय काय बदललं, ते आधी कागदावर लिहून काढा.

अजून दोन गोष्टी. बाजारात इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप स्वस्तात गळ्यात मारतात. तो ४० पीएसआयच्या (दाबाचं माप) वर ढकलतो, आपल्या कार्ब्युरेटरला दोन ते साडेतीन पुरे. जास्त दाबाने वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल उघडीच राहते, पेट्रोल उतू जातं, काळा धूर येतो. आणि जुना पंप लाइनमध्ये तसाच ठेवू नका. त्याचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला तर नवा पंप पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये भरतो. तो काढा, गॅस्केट घालून पट्टीने तोंड बंद करा. काढायला जमत नसेल तर निदान डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) रोज हुंगा. ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

सगळं झाल्यावर चाचणी भर दुपारी, चार माणसं बसवून, चढावर घ्या, आणि टाकी पाव भरलेली ठेवून. भरल्या टाकीत पेट्रोलची पातळी वर असते, पंपाला ओढायचं काम कमी पडतं आणि खोड लपते. मी दोन वाजता निघालो, घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, वर गाडी लावून झाकण उघडलं. आवाज आला नाही.