मोबाईल देतं कोण? कोकणातल्या घरात मुलांच्या गेमला वेळ लावताना

मूल किती वेळ खेळतं हे मोजण्याआधी त्याच्या हातात मोबाईल कोण देतं, याचा हिशेब मांडा. सात दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रकान्यात तीनच गोष्टी लिहा: कोणी दिला, कशासाठी दिला, परत किती वाजता आला. आठव्या दिवशी वाचलंत तर कळेल की पोरानं हट्ट करून घेतलेला वेळ एकीकडे, आणि आपणच पुढे केलेला दुसरीकडे. मासे साफ करताना मध्ये येऊ नये म्हणून, चार घास जास्त जावेत म्हणून, ओटीवर पाहुणे बसलेत म्हणून. हे दुसरे वेळ आधी कमी करा. त्यासाठी मुलाशी भांडावं लागत नाही.

सुरुवात जेवणापासून. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं लवकर उमगत नाही आणि पुढे पडद्याशिवाय घास उतरत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी: 2 वर्षांखाली पडदा नाही (दूरच्या नातलगांशी व्हिडिओ कॉल चालेल), 2 ते 5 वर्षं दिवसाला फार तर एक तास, 5 ते 10 वर्षं दिवसाला दोन तासांच्या आत. मोबाईल एकदम बंद केलात तर दोन-तीन दिवस मूल कमी जेवेल. आजीचा जीव तुटतो तो इथेच आणि मोबाईल परत ताटाशेजारी येतो. म्हणून आजीला आधी विश्वासात घ्या, नियम नंतर लावा.

बाप मुंबईला आणि आई-आजी गावाला, असं घर असेल तर नियम दोन ठिकाणांहून सुटतो. इकडे आई तास ठरवते, तिकडून बाबा लाडानं गेममधले डायमंड (खरे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) घेऊन देतात. उपाय एकच: परवानगीचा शब्द संध्याकाळी मुलासोबत जो असतो त्याचा. बाबांनी व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणायचं, "आईला विचार."

मच्छीमार घरात वेळापत्रक वर्षातून दोनदा बदला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. बाप घरी, म्हणजे घरात एक मोबाईल जास्त. बाहेर पाऊस, खळ्यात खेळता येत नाही, मोठ्या सरीत डिश टीव्हीचा सिग्नल जातो आणि पोरं मोबाईलकडे वळतात. मे महिन्यात रतांबे (कोकमाची फळं) फोडण्यात, विहिरीवर, करवंदांच्या जाळीत दिवस जात होता. त्या वेळचा नियम पावसात टिकणार नाही. कॅरम, पत्ते, जाळं विणायला बसवणं, असं काहीतरी 1 जूनच्या आधीच काढून ठेवा.

आता गेम. मिनिटांत वेळ ठरवू नका, मॅचमध्ये ठरवा. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या गोळीबाराच्या गेमची मोठ्या नकाशावरची एक मॅच शेवटपर्यंत टिकलं तर साधारण अर्ध्या तासाची होते, तशाच फ्री फायर मॅक्सची त्याहून बरीच लहान. मध्येच हिसकावला तर गुण जातात, सोबतचे मित्र हरतात आणि मूल जे ओरडतं ते निव्वळ लाडावल्यामुळे नसतं. "दोन मॅच" असं ठरवा आणि दुसरी सुरू होण्याआधी आठवण करा, संपताना नाही. लाईट गेल्यामुळे किंवा रेंज तुटल्यामुळे मॅच बुडाली तर ती धरायची की नाही, हेही आधीच ठरवा. पावसाळ्यात हा वाद रोजचा.

मोबाईलमधली कामं: मुलाचा वेगळा फोन असेल तर गुगलचं फॅमिली लिंक लावा. त्यात रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ ठरते, नवीन ॲपला तुमची मंजुरी लागते. आईचाच फोन असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे सेटिंग्जमध्ये 'ॲप पिनिंग' चालू करा आणि बाहेर पडताना पिन मागायला सांगा. मूल त्या एका ॲपमध्येच राहतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी ठेवा. यूट्यूबचा ऑटोप्ले (एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागणं) बंद करा. गेममधलं अनोळखी माणसांशी व्हॉइस चॅटही बंद.

फसतं कुठे? पिन मुलाची जन्मतारीख असते. वायफाय बंद केलं तर काकांचा हॉटस्पॉट असतो. रोजचा डेटा मध्यरात्री नव्यानं सुरू होतो हे मुलांना पक्कं माहीत असतं, म्हणून रात्री चार्जर आतल्या खोलीत नको, मोठ्यांच्या उशापाशी हवा. आणि बापच अंथरुणात रील बघत असेल तर हा नियम आठवडाभरही चालत नाही. विजा चमकत असताना चार्जिंगला लावलेला फोन मुलाच्या हातात नको, हे वेगळं.

पैसे गेल्याचं दिसलं तर ओरडण्याआधी बँकेला कळवा. फसवणूक असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, तेव्हा "जिंकून दाखवतो" म्हणणाऱ्या ॲपला घरात जागाच नाही.

मूल जास्त खेळतं म्हणजे आजार नव्हे. गेमवर ताबा उरला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसूनही खेळ थांबत नाही आणि हे साधारण 12 महिने चाललंय, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार म्हणते. मात्र शाळा बुडू लागली, झोप उडाली तर वर्षभर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिले गणपती. चाकरमान्यांची मुलं येतात, प्रत्येकाच्या हातात फोन. ते दिवस नियम सैल सोडा, पण आरती आणि जेवणाला सगळ्यांचे फोन एका टोपलीत, मोठ्यांचेसुद्धा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जुना नियम लागेल, हे मुलांना पाहुणे येण्याआधीच सांगून ठेवा.