शपथ झाली, आता दफ्तरं

गेल्या गड्ड्याच्या जत्रेला मी सोलापुरात होते. होम मैदानावरून घरी येऊन पाय धुते न धुते तोच आईच्या ओळखीच्या एक काकू दारात. मुलाची डॅलसला अमेरिकी नागरिकत्वाची शपथ झाली होती, त्याचे पेढे घेऊन आल्या होत्या. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता सगळं आपोआप बदललं असेल ना गं तिकडं? सरकारच एक आहे की."

काकू, सरकार एक असलं तरी दफ्तरं पन्नास असतात. हे मला कळलं ते उशिरा. माझी शपथ २०१९ची. २०२३मध्ये नोकरी बदलली, तेव्हा नव्या कंपनीने माझी माहिती सरकारी तपासणीत टाकली आणि उत्तर आलं, "जुळत नाही." सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे प्रत्येकाला नंबर देणाऱ्या आणि निवृत्तीचे पैसे बघणाऱ्या सरकारी खात्याच्या दफ्तरात मी अजून वर्क व्हिसावरचीच बाई होते. मधे ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व आलं, पण त्यांना जाऊन कुणी सांगितलंच नव्हतं. आठ कामकाजाच्या दिवसांत त्यांच्या ऑफिसात जाऊन निस्तरा, अशी चिठ्ठी हातात पडली. नोकरी वाचली, पण त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. चूक सर्वस्वी माझी.

म्हणून काकूंना वहीत जे लिहून दिलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

तयारी शपथेच्या आधीच सुरू होते, आणि ती नावापासून. आईच्या घरी एका दुपारी मी चादर अंथरून त्यावर सगळे कागद मांडले: शाळा सोडल्याचा दाखला, जुना भारतीय पासपोर्ट, पॅन, आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, अमेरिकेतलं लायसन्स. वहीत एकाखाली एक नाव उतरवलं, जसं छापलंय तसं. पाच तऱ्हा निघाल्या. कुठे 'लक्ष्मी'त एक्स, कुठे के-एस. कुठे मधलं नाव बाबांचं, कुठे नवऱ्याचं, आणि एका ठिकाणी आडनावच आधी. आपल्याकडे मधलं नाव लग्नानंतर बदलतं, हे अमेरिकेतल्या खिडकीवरच्या माणसाला समजावून सांगणं म्हणजे हुरडा न खाल्लेल्याला हुरड्याची चव सांगणं. नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलून मागता येतं. तेव्हा कुठलं नाव कायम ठेवायचं ते अर्ज भरतानाच ठरवा. माझं मत विचाराल तर पासपोर्टवरचंच ठेवा. हौसेने नाव छोटं करणाऱ्यांनी पुढे सोलापुरातल्या प्रत्येक कागदाला त्याचं स्पष्टीकरण जोडत बसायची तयारी ठेवावी.

एप्रिल २०२४पासून नागरिकत्वाच्या अर्जातच एक सोय आली आहे. माझी माहिती सोशल सिक्युरिटीला कळवा आणि नवं कार्ड पाठवा, असं तिथेच सांगता येतं. तिथे 'हो' लिहिलं असेल तर शपथेनंतर कार्ड टपालाने घरी येतं. दोन-तीन आठवडे वाट बघा. आलं नाही, तर वाट बघणं पुरे, स्वतः जा.

शपथेच्या दिवशी हॉलमध्ये शिरतानाच ग्रीन कार्ड परत घेतात. त्याची झेरॉक्स आदल्या रात्री काढून ठेवा, पुढे अर्ज भरताना त्यावरचा नंबर लागतो. शपथ झाली की नागरिकत्वाचा दाखला हातात येतो. त्या क्षणी सगळे झेंडा धरून फोटो काढायला पळतात. तुम्ही खुर्चीवर बसा आणि दाखला वाचा. नाव, जन्मतारीख, देश, अक्षर न् अक्षर. चूक असेल तर त्याच हॉलमध्ये सांगितलेलं बरं. घरी गेल्यावर ध्यानात आली, तर दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करून महिनोन्‌महिने थांबावं लागतं. फोटो नंतर काढता येतो.

हा दाखला म्हणजे सगळ्या यादीतला कळीचा कागद, कारण तो एकच असतो आणि सगळ्यांना मूळच हवा असतो. सोशल सिक्युरिटीत झेरॉक्स चालत नाही, नोटरीचा शिक्का मारलेली प्रतही चालत नाही. पासपोर्टच्या अर्जाला तर मूळ दाखला जोडून पाठवूनच द्यावा लागतो आणि तो काही आठवड्यांनी वेगळ्या पाकिटातून परत येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. शपथेनंतर किमान दहा दिवस थांबायचं, म्हणजे नागरिकत्वाची नोंद सरकारी संगणकात दिसू लागते. मग दाखला घेऊन सोशल सिक्युरिटीत जायचं. तिथे तो बघून लगेच परत देतात. त्यानंतर पासपोर्टचा अर्ज. उलटं केलंत, म्हणजे शपथेच्या संध्याकाळीच दाखला पासपोर्टला पाठवलात, तर पासपोर्ट येईपर्यंत तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही. इकडे कुणी आजारी असेल, निघायची घाई असेल, तर मात्र पासपोर्ट आधी. मग सोशल सिक्युरिटीला तोच पासपोर्ट दाखवा, तोही चालतो.

दाखल्यावर एक दरडावणारी ओळ छापलेली असते: अधिकाराशिवाय याची प्रत काढणं गुन्हा आहे. ती वाचून माझ्या एका मैत्रिणीने कधी झेरॉक्सच काढली नाही. स्वतःच्या कायदेशीर कामासाठी प्रत काढायला हरकत नसते. दोन-तीन काढा आणि एक घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाण्याआधी वेळ घ्या. सोबत मूळ दाखला किंवा नवा पासपोर्ट, आणि भरलेला कार्डाचा अर्ज. पैसे लागत नाहीत. नंबर तोच राहतो, बदलते ती दफ्तरातली नोंद. वर्क व्हिसावर मिळालेल्या कार्डावर 'परवानगी असेल तरच कामासाठी' अशा अर्थाची ओळ असते, ती नव्या कार्डावर नसते. कार्ड हरवलं तर वर्षाला तीन आणि जन्मभरात दहाच नवी मिळतात. पण नाव किंवा नागरिकत्व बदलल्यामुळे घेतलेलं कार्ड त्यात मोजत नाहीत, तेव्हा त्यासाठी संकोच नको. खिडकी सोडण्याआधी पावती मागून घ्या. आणि कार्ड आलं की लॅमिनेट करू नका. आपल्याकडे कागद हातात आला की पाय आपोआप लॅमिनेशनच्या दुकानाकडे वळतात. बाबांनी तर माझ्या बारावीच्या मार्कशीटचंही केलं होतं.

मुलं अठराच्या आतली, ग्रीन कार्डवाली आणि तुमच्याजवळ राहणारी असतील, तर आई किंवा बाप नागरिक झाल्यावर तीही कायद्याने नागरिक होतात. होतात खरी, पण सोशल सिक्युरिटीच्या दफ्तरात नाही. त्यांचे पासपोर्ट काढा आणि तेही नेऊन दाखवा.

आता ज्येष्ठांचं. मुलाने बोलावून घेतलेले आणि तिथेच राहिलेले आईवडील नागरिक झाले, तर त्यांच्यासाठी ही नोंद आणखी मोलाची. ग्रीन कार्डवर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायलाही सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. धान्याच्या मदतीला, गरिबांच्या वैद्यकीय योजनेला बऱ्याच ठिकाणी तशाच पाच वर्षांच्या अटी. नागरिकाला त्या नसतात. शिवाय मुलाने भरून दिलेलं पालनपोषणाचं हमीपत्रही वडील नागरिक झाल्यावर संपतं. पण यातल्या बऱ्याच योजना राज्यं चालवतात आणि त्यांची ऑफिसं वेगळी. सोशल सिक्युरिटीत सांगितलं म्हणजे राज्याच्या ऑफिसला कळलं असं धरून चालू नका. तिथे दाखला वेगळा दाखवावा लागतो.

एक गोष्ट मात्र ठळक. गरीब ज्येष्ठांना महिन्याला मिळणारी जी मदत आहे, एसएसआय, ती अमेरिकेबाहेर सलग तीस दिवस राहिलं की थांबते, मग तुम्ही नागरिक असा नाहीतर नसा. परत गेल्यावरही सलग तीस दिवस तिथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. संक्रांतीला गड्ड्यासाठी यायचं आणि होळीची पोळी खाऊन जायचं, असा बेत असेल तर आधी कळवा. न कळवता घेतलेले पैसे परत मागतात. नोकरी करून मिळवलेलं निवृत्तीचं सोशल सिक्युरिटी वेगळं. ते नागरिकाला सोलापुरात बसूनही मिळत राहतं. फक्त अधूनमधून टपालाने एक प्रश्नावली येते, ती सही करून परत पाठवली नाही तर पैसे अडतात. त्यामुळे इथला पत्ता पूर्ण द्या. 'मारुतीच्या देवळामागे' पोस्टमनला कळतं, अमेरिकेतल्या संगणकाला नाही. मेडिकेअर मात्र इथल्या दवाखान्याचं बिल भरत नाही. इथे येताना प्रवासाचा विमा वेगळा घ्या.

इकडची बाजू. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं, की भारताचं तिथेच संपतं. पासपोर्टवर अजून सहा वर्षं शिल्लक असली तरी तो प्रवासाला वापरायचा नाही. तो जमा करून तसा दाखला घ्यायचा, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करायचा. या दोन्ही गोष्टी अमेरिकेतूनच उरकून या. इथे येऊन करू म्हणणाऱ्यांची सुट्टी त्यातच संपते.

मतदार यादीतून नाव काढायला सात नंबरचा अर्ज असतो. आई म्हणाली, "राहू दे की. तू कुठं मत टाकायला येतेस?" पण ते नाव तिथे असणंच चूक आहे. दादा शाळेत बसलेल्या, मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाईंकडे गेला आणि अर्ज देऊन आला. रेशन कार्डावरचं नाव मी अमेरिकेला गेले तेव्हाच निघायला हवं होतं. ते तसंच राहिलं होतं, तेही त्याच आठवड्यात काढलं. आईला वाटलं लेक घरातूनच वजा झाली. त्या दिवशी ती माझ्याशी नीट बोलली नाही. कागद दादाने नेला होता, पण राग माझ्यावर.

आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, तो रहिवाशाचा कागद. त्याच्या जोरावर कुठे 'भारतीय नागरिक'च्या चौकोनात खूण करू नका. पॅनचा नंबर तोच राहतो, पण आपण परदेशी नागरिक झालो हे बदलाच्या अर्जाने कळवावं लागतं. नाहीतर आधार जोडलं नाही म्हणून पॅन निष्क्रिय होतं. २०२३च्या जूनअखेरीनंतर बऱ्याच अनिवासी, म्हणजे परदेशात राहणाऱ्या, मंडळींची पॅन अशीच झोपली. त्यांना ही जोडणी माफ होती, पण ते अनिवासी आहेत याची नोंदच नव्हती. बँकेत जुनं साधं बचत खातं चालू असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या. हेही खरं तर परदेशी गेल्यावरच करायचं असतं. बँकेत जाताना पासपोर्ट, ओसीआय आणि पॅन तिन्हींवर नाव एकच आहे ना, ते पुन्हा एकदा बघा. माझ्या पॅनवरच्या के-एसमुळे मला तीन खेटे पडले.

जमिनीचं लोक भीतभीत विचारतात. मंगळवेढ्याकडची आमची ज्वारीची जमीन बाबांच्या माघारी आई, दादा आणि माझ्या नावावर वारसाने लागली. वारसाने आलेली शेती ओसीआयवाल्याला ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. त्यामुळे गावातला कुणी 'बाजूचं दोन एकर घे की, स्वस्तात देतो' म्हणाला, तर चहा घ्या आणि उठा. सातबाऱ्यावरचं आपलं नाव पासपोर्टशी जुळतं का, हे तलाठ्याकडे एकदा बघून या. अनिवासी माणसाला पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार मिळत नाहीत. घरच्यांनी भाबडेपणाने तुमच्या नावाने अर्ज भरला नाही ना, हे विचारून घ्या. आमच्या दादाने भरला होता. पहिला हप्ता यायच्या आत मागे घेतला.

जमा केलेला भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत येतो. तो टाकू नका. ओसीआयच्या अर्जात त्याचा तपशील लागतो आणि पुढे कुठेतरी जुन्या नावाचा पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो. माझा आईच्या कपाटात आहे, बाबांच्या पेन्शनच्या कागदांखाली. मी अमेरिकेत ठेवते म्हटलं, तर म्हणाली, "तो इथंच राहू दे."