कंडोमची पुडी फोडण्याआधी दाबून बघा

पाकिटात किंवा स्कूटरच्या डिकीत महिनोन् महिने पडलेला कंडोम ऐन वेळी फाटतो. उष्णता आणि घर्षण, दोन्ही लेटेक्सचे, म्हणजे कंडोमच्या रबराचे वैरी.

१. साठा कपड्यांच्या कपाटात ठेवा. बाहेर नेताना त्या दिवसापुरता, छोट्या डबीत.

२. आधी तारीख वाचा, मग पुडी दोन बोटांत दाबा. आत हवा जाणवली पाहिजे, चिप्सच्या पाकिटासारखी. चपटी लागली तर फेकून द्या. दोन-पाच रुपयांचा मोह नको.

३. दातेरी कडेवरून हातानेच फाडा. दात, कात्री नको.

४. कंडोमचं टोक चिमटीत धरून लिंगावर पूर्ण उलगडा. उलटा लावला गेला तर पालटून वापरू नका, नवा घ्या.

आणि वंगण म्हणून खोबरेल तेल नको! आपल्याकडे सगळ्यावर तेच इलाज, पण तेल आणि व्हॅसलिन लेटेक्स बघता बघता कमकुवत करतात. केमिस्टकडून पाण्यावर आधारित जेल मागा. एकावर एक दोन कंडोमही नकोत.

फाटलाच आणि एचआयव्हीचा धोका वाटला, तर तो रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. लगेच सरकारी रुग्णालय गाठा किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.