ट्रॅक कारसाठी घरगुती स्पॉयलर, एअर डॅम आणि स्प्लिटर: सुरुवात मागून करा

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, साधी हॅचबॅक घेऊन जाणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ताशी ऐंशी किमीपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते आणि ११०-१२० च्या पुढे मागची बाजू हलकी व्हायला लागते. वेगातल्या वळणाआधी ब्रेक दाबला की शेपूट हलतं, सरळ पट्ट्यावरही स्टिअरिंग सारखं थोडंथोडं सावरावं लागतं. यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालून पुढे निघणारी आडवी फळी, कारण तो फोटोत उठून दिसतो. पण सुटतंय मागचं आणि आपण दाबतोय पुढचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुढची पकड वाढली की मागचं आणखी लवकर सुटतं, तेही नेमकं जास्तीत जास्त वेगात. म्हणून आधी मागचा स्पॉयलर (छताच्या टोकाची आडवी पट्टी), मग पुढचा एअर डॅम (बंपरखाली लोंबणारी पट्टी), आणि गरज उरलीच तर स्प्लिटर, याच क्रमाने जायचं.

कामाला लागण्याआधी कायद्याचं बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे इथे सांगितलेलं सगळं नट-बोल्टवर काढता-घालता येईल असं बनवा, ट्रॅकवर पोचल्यावर लावा आणि निघताना काढा. धारदार कडेचा स्प्लिटर लावून सांगलीच्या विश्रामबागेतून फिरणं पादचाऱ्याच्या पायावर बेतू शकतं. शर्यतीत उतरणार असाल तर तुमच्या वर्गाचे नियम आयोजकांकडून आधी विचारून घ्या. स्टॉक, म्हणजे मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या, वर्गात असे बदल सहसा चालत नाहीत.

हवा किती जोर लावते

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सांगलीच्या उंचीवर, उन्हाळ्यात, एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१ किलो धरलं, तर ताशी ६० किमीला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे साडेपंधरा किलो भरतो. १२० ला तोच ६२ किलो होतो आणि १६० ला १११. हॅचबॅकचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर आणि लिफ्टचा, म्हणजे हवेने गाडी वर उचलण्याचा, गुणांक ०.२ धरला, तर १२० ला गाडी साधारण २५ किलोने हलकी होते.

हजार किलोच्या गाडीत २५ किलो म्हणजे किरकोळ, असं वाटेल. पण इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा हॅचबॅकचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढेच असतं. मागच्या दोन चाकांवर मिळून पावणेचारशे-चारशे किलो उरतात. ब्रेक लावला की त्यातलंही पुढे सरकतं. हवेने उचललेल्या २५ किलोंतले बरेचसे याच उरलेल्या वजनातून वजा होतात, म्हणून ते ड्रायव्हरच्या बुडाला जाणवतात.

दोष हवेचाच आहे ना?

हे तपासणं सोपं आहे. ट्रॅकवरचं एक हळू वळण घ्या, पन्नास-साठचं, आणि एक वेगाचं, शंभरच्या वरचं. मागची बाजू दोन्हीकडे सुटत असेल तर दोष टायर, हवा भरण्याचं प्रमाण, मागच्या बीमचे बुश, शॉक अॅब्झॉर्बर किंवा अलाइनमेंट यांपैकी कशाचा तरी आहे. त्यावर पत्रा ठोकून काही होणार नाही. हळू वळणात गाडी नीट आणि फक्त वेगातच अस्वस्थ होत असेल, तरच पुढे वाचा.

कोल्हापूरचा गो-कार्टचा ट्रॅक जवळ असला तरी या चाचणीला तो उपयोगाचा नाही, तिथे एवढा वेगच येत नाही. कोइंबतूरचा २.१ किमीचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ३.७ किमीचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे लांबचाच पल्ला. "कवलापूरला विमानतळाची जागा रिकामीच पडलीय की," असं सांगलीत कुणीतरी सुचवतंच. परवानगी आणि रुग्णवाहिका नसेल तर हो म्हणू नका.

लोकरीचे धागे

एक चाचणी मात्र आपल्याकडच्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगात होते. गडद लोकरीचे आठ-दहा सेंटीमीटरचे तुकडे कापा आणि मास्किंग टेपने छताच्या मागच्या भागावर, मागच्या काचेवर आणि बोनेटवर साधारण दहा-दहा सेंटीमीटर अंतराने चिकटवा. पहाटे मिरजेहून पंढरपूरच्या दिशेने चौपदरी रस्त्याला लागा आणि ७० च्या वेगाने चालवा. शेजारच्या गाडीतल्या मित्राने मोबाइलवर चित्रण करायचं, त्या गाडीच्या ड्रायव्हरने नाही. गळिताच्या हंगामात हे रविवारी सकाळी करा, एरवी उसाच्या ट्रॉल्यांमागून वेगच मिळत नाही.

धागा सरळ, शांत पडलेला असेल तिथे हवा पृष्ठभागाला धरून वाहते आहे. जिथे तो नाचतो किंवा उलटा पुढे वळतो, तिथे ती सुटलेली आहे. हॅचबॅकच्या मागच्या काचेवरचे धागे नाचणारच, तो दोष नव्हे. बघायचं असतं ते छताच्या शेवटच्या वीतभर भागात. तिथे धागे शांत असतील तर स्पॉयलरला स्वच्छ हवा मिळेल. सेडानमध्ये हीच पाहणी डिकीच्या झाकणाच्या मागच्या कडेवर करायची.

मागचा स्पॉयलर

उतरत्या छतावरून हवा खाली वळताना तिथे दाब कमी होतो आणि मागची बाजू वर ओढली जाते. छताच्या टोकाला आडवी पट्टी दिली की हवेचं हे खाली वळणं थांबतं आणि ती एका ठरावीक कडेवरून सुटते. पट्टी थोडी वर उचललेली असेल तर तिच्या पुढच्या छतावरचा दाबही वाढतो. स्पॉयलर काम करतो तो असा.

सामान म्हणून दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती एसीपी शीट घ्या, चार मिलिमीटरची. दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिक, वजन चौरस मीटरला साधारण साडेपाच किलो. पाट्या बनवणाऱ्यांकडे तुकडे उरलेले असतात आणि पाठीमागून ग्रूव्ह मारून ती सुबक वाकवायचं कसबही त्यांच्याकडेच असतं. कुपवाड एमआयडीसीत ट्रॉलीच्या कामाची सवय असलेला फॅब्रिकेटर मात्र ऐकता ऐकताच मान हलवतो. "दादा, हे पत्र्याचं पापड कशाला? दोन एमएमचं लोखंड मारून देतो, आयुष्यभर बघायला नको." त्याला ब्रॅकेट करायला सांगा, स्पॉयलर नको. डिकीच्या दारावर जास्तीचं वजन आलं तर दार उचलणारे गॅसचे दांडे दम टाकतात.

आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा. छताच्या टोकाला वक्रता असते, ती पुठ्ठ्यावरच दोन-तीनदा कातरून जुळवावी लागते. घाई इथे नडते, कारण फट राहिली तर खालची हवा वर घुसते आणि अर्धी मेहनत वाया जाते. रुंदी छताएवढी, मागे जाणारी लांबी ८ ते १० सेंटीमीटर. सुरुवातीला पट्टी जमिनीला समांतर ठेवा. मोबाइलमधल्या लेव्हलवर कोन बघता येतो. नंतर पाच-पाच अंशांनी उचलायची सोय म्हणून ब्रॅकेटला गोल भोकाऐवजी लांबट खाच करून घ्या.

जोडणी डिकीच्या दाराला करायची, छताच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. पावसाळ्यात तिथून गळायला लागलं की आतलं अस्तर कुजतं. सहा मिलिमीटरचे बोल्ट, आतून पट्टी किंवा मोठे वॉशर आणि नायलॉक (कंपनाने सैल न होणारे) नट. दुहेरी चिकटपट्टी फट बुजवायला चालेल, पण भार तिच्यावर नको. जोडून झालं की वीस लिटरचा पाण्याचा जार दोरीने पट्टीच्या मागच्या कडेला मधोमध टांगा. १२० च्या वेगाला एवढ्या पट्टीवर प्रत्यक्षात फार तर सहा-सात किलो येतील, पण खड्डा, कंपन आणि १६० चा वेगही धरायचा असतो. जार टांगल्यावर पट्टी बोटभर वाकली तर आधार वाढवा.

मागच्या कडेला अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं सेक्शन विकणाऱ्याकडून १२ मिलिमीटरचा अँगल आणून उभा बसवा. याला गर्नी फ्लॅप म्हणतात. अमेरिकी रेसर डॅन गर्नी यांनी १९७१ मध्ये तो शर्यतीच्या गाडीत आणला. शंभर-दीडशे रुपयांच्या पट्टीने मागचा दाब वाढतो आणि हवेचा अडथळा मात्र बेताचाच वाढतो. नट सैल करून तो काढता-घालता येतो, म्हणून पुढे-मागे तोल साधायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

छतावर उंच विंग, म्हणजे विमानाच्या पंखासारखी पाती, हवी असेल तर ती तयार विकत घ्या. घरी प्लायवूड घासून बनवलेली विंग म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि १४० ला सुटली तर मागच्या गाडीच्या काचेत जाते.

पुढचा एअर डॅम

मागचं बसलं की गाडी वेगात थोडी नाक उचलून चालल्यासारखी वाटेल, वळणात पुढून सरकेल. आता पुढचं काम.

बंपरच्या खाली आडवी रबरी पट्टी लावली की गाडीखाली घुसणारी हवा कमी होते आणि पट्टीच्या मागे दाब घटतो. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर भंगारात मिळून जातं. ते कडक असतं, घासलं तरी तुटत नाही. तेच कापून बंपरच्या आतल्या ओठाला अॅल्युमिनियमच्या पट्टीत दाबून बोल्ट करा. जमिनीपासून सात-आठ सेंटीमीटर अंतर ठेवा. ब्रेक लावल्यावर नाक दबतं तेव्हा पट्टी ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याला (कर्बला) लागेल, लागू द्या, म्हणूनच रबर घेतलं आहे.

सोबत बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी फोमने बुजवा, म्हणजे जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधूनच जाईल. इंजिनच्या जागेत भरणारी मोकाट हवा बोनेट आणि नाक वर ढकलते. जाळीचा काही भागही झाकता येतो, पण थोडा थोडा झाकत आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. एप्रिल-मेमध्ये तो नाद सोडा.

स्प्लिटर, लागलाच तर

एवढ्याने बहुतेक साध्या हॅचबॅकचं भागतं. तरीही वेगाच्या वळणात पुढून सरकत असेल आणि मागे अजून वाढवायला जागा शिल्लक असेल, तरच स्प्लिटर करा.

बारा मिलिमीटरचं मरीन प्लायवूड घ्या, जिगसॉने बंपरच्या आकाराला कापा, पुढे ५ ते ७ सेंटीमीटर बाहेर राहू द्या, कड गोल घासा आणि सगळीकडून पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. कापलेली कड कोरडी राहिली तर पाणी पिऊन फुगते. मागे तो पुढच्या चाकांच्या रेषेपर्यंत नेला तर खालून हवा सपाट वाहते आणि खाली खेचणारी खरी ओढ तिथूनच मिळते.

स्प्लिटर बंपरला लटकवायचा नाही, बंपर हे प्लास्टिकचं कातडं आहे. मागचा भाग चॅसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या दांड्याला) ब्रॅकेटने धरा आणि पुढच्या कडेला दोन टर्नबकलचे (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारे) दांडे बंपरच्या आतल्या लोखंडी बीमपासून द्या. मग दोन्ही टोकांना एकेक पाण्याचा जार ठेवा. चाळीस किलोला तो हलता कामा नये. इतकी काळजी अशासाठी, की एका बाजूचा दांडा तुटला तर फळी खाली झुकते, जमिनीला लागते आणि पुढच्या चाकाखाली जाते. तेव्हा स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं असतं.

इंजिनखाली अॅल्युमिनियमचा पत्रा लावायचा असेल तर सायलेन्सरच्या पाइपपासून चांगलं अंतर सोडा आणि ऑइल साचू नये म्हणून भोकं ठेवा. प्लायवूड किंवा सनबोर्ड तिथे अजिबात नको. मागे डिफ्यूझर म्हणून विकल्या जाणाऱ्या उभ्या पात्या सपाट तळाशिवाय शोभेच्याच असतात. छतावर चिकटवायच्या शार्कच्या पंखांवरही पैसे घालवू नका.

ट्रॅकवर

पहिली फेरी हळू, ८० च्या आत, आणि लगेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर. प्रत्येक नटावर रंगाच्या पेनने रेघ ओढून ठेवलेली असली की कोणता फिरला ते एका नजरेत कळतं.

पुढे एका वेळी एकच बदल. गर्नी फ्लॅप लावून चार फेऱ्या, काढून चार, पुन्हा लावून चार. तिसऱ्या वेळी पहिल्यासारखंच वाटलं तर फरक फ्लॅपचा, नाहीतर तो तापलेल्या टायरचा किंवा तुमच्या सरावलेल्या हाताचा. टायरमधली हवा आणि पेट्रोल दर वेळी सारखं ठेवा. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग दोन-चार किमीने घटेल, तो बघून फ्लॅप उपटू नका, पूर्ण फेरीची वेळ बघा.

मागून सुटत असेल तर स्पॉयलर पाच अंश वर. पुढून सरकत असेल तर फ्लॅप काढा किंवा डॅम एखाद्या सेंटीमीटरने खाली घ्या. दोन्ही ठीक वाटत असेल तर हात आवरा. आणि शेजारच्याच्या कॅमेऱ्यात कोणतीही पट्टी फडफडताना दिसली, तर पुढचं सेशन ती काढूनच करा.