वॉकी-टॉकी लॅपटॉपवर प्रोग्राम करताय? आधी केबल बघा

बाओफेंग यूव्ही-५आर किंवा त्याच्या जातीतला हँडसेट आहे, लॅपटॉप आहे, सेटमध्ये चॅनेल भरायचं चर्प हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून झालंय, फ्रिक्वेन्सी आणि रिपीटर म्हणजे काय हे माहीत आहे, असं धरून लिहितोय. इथून पुढे माणूस अडकतो तो बहुतेक केबलपाशी. रेडिओ उत्तर देत नाही, अशी ओळ चर्पमध्ये येते आणि नवखा गडी सेट बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडायला निघतो. थांबा भाऊ, सेटला बहुधा काही झालेलं नसतं.

केबल दिसते साधी वायर, पण तिच्या यूएसबीच्या टोकात एक चिप असते. स्वस्त केबलीत ती बहुधा प्रोलिफिक कंपनीच्या पीएल२३०३ चिपची नक्कल असते, नाहीतर त्या चिपचं बंद पडलेलं जुनं मॉडेल. कंपनीचे नवे ड्रायव्हर (चिप आणि विंडोज यांची गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर) अशा चिपा ओळखतात आणि चालूच होऊ देत नाहीत. लॅपटॉपला नेट मिळालं की विंडोज न विचारता तोच नवा ड्रायव्हर बसवतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा. तिथे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसेल, किंवा ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला विचारा, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य थेट पोर्टच्या नावाच्या जागी दिसेल. हे वाक्य दिसलं तर बरंच झालं, रोग कळला.

इलाज असा. प्रोलिफिकचा ३.३.२.१०५ हा २००८ चा ड्रायव्हर आधी इन्स्टॉल करा. एवढ्यानं भागत नाही, आणि नेमके इथेच लोक हात टेकतात. जुना ड्रायव्हर बसला तरी विंडोज नवाच वापरत राहतं, त्याला हातानं जुन्यावर आणावं लागतं. त्या पोर्टवर राइट-क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’. यादीत दोन-तीन आवृत्त्या दिसतील, त्यातली २००८ ची निवडा. यादीत ती नसेल तर इन्स्टॉल झालेलीच नाही, मागे जा. त्रिकोण गेला की कंसात कॉम३, कॉम५ असा नंबर दिसतो. चर्पमध्ये तोच निवडायचा. केबल पुढच्या वेळी त्याच यूएसबी खाचेत लावा. दुसऱ्या खाचेत लावली तर नंबर बदलतो आणि नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसू शकतो. मोठ्या विंडोज अपडेटनंतरही असं होतं. तेव्हा घाबरायचं नाही, तीच वाट पुन्हा चालायची.

सेतू केंद्रातल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीवर हे करायला जाऊ नका, ड्रायव्हर बदलायचा अधिकार तिथे बहुधा मिळत नाही. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारी सॉफ्टवेअरं तर लॅपटॉपवर घेऊच नका, ती नवाच ड्रायव्हर आणून बसवतात. लिनक्स वापरत असाल तर हा ताप नाही: वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घाला, एकदा लॉग-आउट करून परत या, नक्कल चिपही मुकाट चालते. दोन पैसे जास्त देता येत असतील तर एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी तीच घ्यावी.

ड्रायव्हर ठीक असूनही सेट गप्प असेल तर केबलीच्या सेटकडच्या टोकाचा दोन पिनांचा प्लग बघा. तो पूर्ण आत गेला असं वाटतं, पण प्लास्टिकचा कडा सेटच्या अंगाला अडतो आणि एखादा मिलिमीटर बाहेर राहतो. जोर लावून दाबा. तरी बसत नसेल तर कडा ब्लेडनं किंचित तासा. सेट बंद असताना केबल लावा, मग सुरू करा, व्हॉल्यूम पूर्ण वर, आणि चॅनेल असा निवडा ज्यावर कुणी बोलत नाही.

आता चर्पमध्ये आधी सेटमधलं ‘डाउनलोड’ करा आणि ती फाइल जशीच्या तशी वेगळ्या नावानं जपून ठेवा. वीज जाते त्या वेळा टाळा किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जिंग भरपूर हवं. ग्रुपवर आलेली कुणाची तयार फाइल तुमच्या सेटमध्ये थेट ‘अपलोड’ करू नका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या सेटांतही फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, वेगळं असतं. त्या फाइलीतल्या ओळी कॉपी करून तुमच्या फाइलीत टाका, ते चालतं.

रिपीटरची ओळ भरताना: ऐकायची फ्रिक्वेन्सी समजा १४५.२००, तर डुप्लेक्स ‘−’ आणि ऑफसेट ०.६००, म्हणजे सेट १४४.६०० वर बोलेल. टोन म्हणजे रिपीटर उघडणारा बारीक सूर. टोन मोड ‘टोन’ ठेवला तर टोनचा आकडा ‘टोन’ रकान्यातून घेतला जातो, ‘टीएसक्यूएल’ (ऐकतानाही टोन तपासणारा) ठेवला तर ‘टोनएसक्यूएल’ रकान्यातून. आकडा एका रकान्यात आणि मोड दुसराच, असं झालं की रिपीटर ढिम्म हलत नाही. नाव सात रोमन अक्षरांत बसवायचं. मेळघाट नेमकं बसतं, चिखलदरा तोडावं लागतं. नावं पडद्यावर दिसत नसतील तर मेनू २१ आणि २२ मध्ये ‘नेम’ करा. नुसतं ऐकायच्या चॅनेलला डुप्लेक्समध्ये ‘ऑफ’ द्या, म्हणजे त्या चॅनेलवर चुकून बटण दाबलं तरी सेट बोलत नाही. अंतराळ स्थानकाची १४५.८०० ही ओळ अशीच ठेवा.

परवान्याचं स्पष्ट सांगतो. हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना मिळेपर्यंत बोलायचं बटण दाबू नका. रिस्ट्रिक्टेड ग्रेड या परवान्याच्या खालच्या पायरीला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, तेव्हा उगाच धास्ती घेऊ नका. सेटात कारखान्यातून आलेले चाचणीचे चॅनेल पहिल्यांदा पुसा. ताडोबा-मेळघाटाच्या कडेला राहणाऱ्यांनी वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी सेटात भरूच नयेत. रोही आणि रानडुकरांसाठी जागलीला दोन सेट हवेत म्हणून हा उद्योग करत असाल, तर हौशी परवानाही त्या कामाचा नाही. त्याला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचे, अर्ध्या वॅटपर्यंतचे, मान्यता असलेले तयार सेट मिळतात, त्यांना परवाना लागत नाही. यूव्ही-५आर त्यात बसवता येत नाही. त्याची ‘लो’ पॉवरच साधारण १ वॅट आहे आणि चर्पमध्ये ती त्याहून खाली नेता येत नाही.